‘कम सप्टेंबर’ वाजवणारे हात कोणाचे?



लातूरला क्लासेससाठी खोली करून राहणारा आणि आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला न चुकता येणारा एक मुलगा आहे. मागच्या महिन्यात त्याने ग्रुपवर एक रील टाकली. जुनी अमेरिकन फिल्म, आता रंग भरलेली. लांबलचक मोटारी, रस्त्याकडेचं हॉटेल, नाणं टाकलं की गाणं लावणारी पेटी, घेरदार झगे घातलेल्या मुली, केसांचा फुगा काढलेली मुलं, मागे रॉक अँड रोल. वर मुलाने लिहिलं होतं, ‘काय काळ होता राव! आपण चुकीच्या काळात जन्मलो.’

त्याच आठवड्यात आम्ही नांदेडला एका सभागृहात जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. पन्नास-साठच्या दशकातली गाणी, मागे पडद्यावर रेडिओचं चित्र, गायकांच्या डोक्यावर तिरक्या टोप्या. ‘ईना मीना डीका’ला लोक खुर्च्यांवरून उठले. गाणी छान झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन गाण्यांच्या मधे निवेदक जे बोलत होता ते ऐकताना आम्हाला त्या मुलाची रील आठवली. तेव्हा माणसं माणसांना धरून होती, गावं गुण्यागोविंदाने नांदत होती, जात-पात कोणी बघत नव्हतं, हे सगळं नंतरच्या राजकारणाने बिघडवलं, असं ते निवेदन होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेही चार-दोन लोक होते, हे सांगायला हवं.

मुलावर आमचा राग नाही. जुनं गाणं आवडणं हा गुन्हा नव्हे. पण ‘तो काळ’ म्हणताना तो कोणाचा काळ होता, एवढं विचारलंच पाहिजे. अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण रील तिकडची आहे.

पन्नासच्या दशकाची ही गोडगुलाबी आठवण पन्नासच्या दशकात तयार झालेली नाही. ती तयार झाली सत्तरच्या दशकात. १९७२ मध्ये ‘ग्रीस’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. १९७३ मध्ये जॉर्ज लुकासचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ आला, त्यातली गोष्ट १९६२ सालातल्या एका रात्रीची. जानेवारी १९७४ मध्ये ‘हॅपी डेज’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि १९८४ पर्यंत चालली. आता बघा, हे नेमकं केव्हा घडतंय? काळ्या लोकांनी बसमधली, शाळेतली, मतपेटीजवळची जागा लढून मिळवल्यानंतर. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ चा मतदानाचा कायदा झाला, १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्ते भरले. आणि मग गोऱ्या मध्यमवर्गाला अचानक त्याच्या आधीचा काळ सुखाचा वाटू लागला. आठवण कोणत्या वर्षाची आहे यापेक्षा ती कोणत्या वर्षी येते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी पाहावं.

‘हॅपी डेज’ची गोष्ट घडते मिलवॉकी शहरात. हॉटेल, मोटारसायकल, प्रेमळ आईबाप, सगळं तिथलं. याच मिलवॉकीत २८ ऑगस्ट १९६७ पासून काळ्या तरुणांनी आणि त्यांच्या साथीला आलेल्या फादर जेम्स ग्रोपी या गोऱ्या धर्मगुरूने एक मोर्चा काढला. मागणी साधी होती : पैसे असतील तर कोणत्याही वस्तीत घर भाड्याने किंवा विकत घेता आलं पाहिजे. मोर्चा पूल ओलांडून दक्षिणेकडच्या गोऱ्या वस्तीत गेला, तेव्हा हजारोंचा जमाव दगड-बाटल्या घेऊन उभा होता. तरीही मोर्चे सलग २०० रात्री निघाले. त्यानंतर सहा वर्षांनी त्याच शहरावर ‘सुखाचे दिवस’ नावाची मालिका येते आणि सगळं जग ती बघून हसतं. नांदेडच्या त्या निवेदकाला आम्ही यासाठीच जास्त दोष देत नाही. हे तंत्र त्याच्याहून फार मोठ्या लोकांनी वापरून झालेलं आहे.

रीलमधल्या मोटारींबद्दलही एक सांगायचं आहे. त्या लांबलचक मोटारीत काळं कुटुंब बसलं की त्यांना आधी एक पुस्तक उघडावं लागायचं. ‘ग्रीन बुक’ असं त्याचं नाव. व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये ते सुरू केलं आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते निघत राहिलं. कोणत्या गावात काळ्या माणसाला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. आपल्या आज्या-पणज्यांना अशी यादी छापावी लागली नाही. कोणत्या गावात कोणत्या विहिरीपासून लांब राहायचं आणि कोणत्या हॉटेलात आपली कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असते, ते त्यांना पाठ होतं.

आता संगीताकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

‘हाऊंड डॉग’ हे गाणं म्हटलं की एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. त्याने ते १९५६ मध्ये म्हटलं आणि जगभर गाजलं. पण त्याच्या आधी १९५२ मध्ये ते बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणं लिहिणारी दोन मुलं गोरी होती हे खरं, पण त्याला आवाज आणि अंग दिलं ते थॉर्नटनने. लिटल रिचर्डचं ‘टूटी फ्रूटी’ १९५५ चं. काही आठवड्यांतच पॅट बून या गोऱ्या, सभ्य दिसणाऱ्या गायकाने तेच गाणं म्हटलं आणि विक्रीच्या यादीत तो मूळ गायकाच्या वर गेला. गोऱ्या घरातल्या आईबापांना आपल्या मुलीच्या खोलीत काळा आवाज नको होता, पण ताल हवा होता. १० एप्रिल १९५६ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये नॅट किंग कोल हा प्रसिद्ध काळा गायक गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना काही गोरे सरळ मंचावर चढले आणि त्यांनी त्याला खाली पाडलं. तो त्याच अलाबामात जन्मलेला होता. रॉक अँड रोल ज्या काळाचं संगीत म्हणून आठवलं जातं, त्याच काळात त्याच्या घराण्यातल्या माणसाला मंचावर मार बसत होता.

आणि सरकार काय करत होतं? शीतयुद्ध चालू होतं. अमेरिकेत किती स्वातंत्र्य आहे हे आशिया-आफ्रिकेला दाखवायचं होतं. मग परराष्ट्र खात्याने जॅझ वाजवणारे कलाकार दौऱ्यावर पाठवायला सुरुवात केली. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक भारतात आला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. ब्रुबेक गोरा होता, पण या दौऱ्यांची मोठी नावं काळ्या कलाकारांची होती. परदेशात राजदूत, आणि स्वतःच्या देशात दक्षिणेकडच्या कितीतरी हॉटेलांत पाय ठेवायला बंदी! १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना अडवलं गेलं, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगने सरकारतर्फे सोव्हिएत रशियाला जायला नकार दिला. नेहमी हसत वाजवणारा, तरुण काळ्या कार्यकर्त्यांनी ‘गोऱ्यांना खूश करणारा’ म्हणून टोमणे मारलेला आर्मस्ट्राँग. हा नकार लक्षात ठेवा. पुढे कंधारकडे गेल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

एक तारखांचा मेळ आम्ही अभ्यासवर्गात फळ्यावर मुद्दाम लिहितो. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला आणि २० डिसेंबर १९५६ ला संपला. या ३८१ दिवसांच्या आतच १४ ऑक्टोबर १९५६ येतो. ६ डिसेंबरसुद्धा त्यातच येतो. बाबासाहेब नागपूरला लाखोंना दीक्षा देत होते तेव्हा माँटगोमेरीची कष्टकरी माणसं मैलोन् मैल पायी कामाला जात होती. याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९५५ मध्ये, मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी मारून नदीत फेकलं होतं आणि निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं होतं. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली, लोकांनी बघावं म्हणून. रीलमधल्या ‘साध्या जगण्या’च्या शेजारी हा चेहरा ठेवला तरच पन्नासचं दशक पूर्ण दिसतं.

आता आपल्याकडे.

त्या कार्यक्रमातला पडद्यावरचा रेडिओ आम्हाला खटकला तो यासाठी की त्या रेडिओची गोष्टसुद्धा अर्धीच सांगितली जाते. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मग लोक सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज घरोघरी गेला. अखेर आकाशवाणीला माघार घेऊन ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ काढावी लागली. आज ज्याला सगळे अभिजात म्हणून डोक्यावर घेतात, ते तेव्हा संस्कृतीच्या मालकांना बाजारू वाटत होतं. तारीख पुन्हा वाचा : ३ ऑक्टोबर १९५७. त्याच दिवशी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात पहिली गोष्ट सांगतात. दुसरी सांगण्याचं काम आपलं.

पण ‘घरोघरी’ म्हणजे कोणाच्या घरी? नांदेड तेव्हा नुकतंच निजामाच्या राज्यातून सुटलेलं. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, जिल्हा झाला तो १९८२ ला. हा सगळा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. गावात वीज नाही. रेडिओ असलाच तर पाटील-देशमुखांच्या वाड्यात, मारवाड्याच्या दुकानात, पुढे ग्रामपंचायतीत. आमच्या अभ्यासवर्गाच्या निमित्ताने भेटलेली जुनी माणसं सांगतात की वाड्याच्या ओट्याखाली, गुरांच्या बाजूला बसून गाणं ऐकायला कोणी हाकलत नव्हतं. आवाज विटाळत नाही, एवढाच काय तो दिलासा. गाणं संपलं की वाड्यातलं पडेल ते काम करायचं आणि घरी यायचं. उदगीरकडचे प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ ला आलं. त्याच काळातलं, याच मातीतलं बालपण आहे ते. पोरकेपण, भूक आणि शिकण्याची धडपड. ज्यांना साठ वर्षांपूर्वीचं गाव गुण्यागोविंदाचं होतं असं वाटतं त्यांनी दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, तेवढं वाचावं.

मग आपल्या माणसांचा त्या अमेरिकन संगीताशी काहीच संबंध आला नाही का? आला. फार जवळून आला. आणि तो कोणी सांगत नाही म्हणून हा लेख.

१९६१ मध्ये ‘कम सप्टेंबर’ नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. रॉक हडसन, जीना लोलोब्रिजिडा त्यात होते. सिनेमा आज फारसा कोणाला आठवत नाही, पण त्याची बॉबी डॅरिनने बांधलेली धून भारतात अशी रुजली की लग्नाच्या बँडवाल्यांचं ते पाठच झालं. नंतर १९९५ च्या ‘राजा’ सिनेमातल्या गाण्याने तीच चाल उचलली, ते तुम्ही ऐकलं असेल. मराठवाड्यातल्या किती वरातींत ही धून वाजली असेल याची मोजदाद नाही. ती वाजवणारे कोण होते? बँड पार्टीत क्लॅरनेट, ट्रम्पेट, ढोल, साईड ड्रम हातात घेणारी माणसं मुख्यतः मातंग, महार, मुसलमान. हलगी आणि सनई ज्यांच्या माथी जातीने मारली होती, त्यांच्याच पुढच्या पिढीने पितळी वाद्यं उचलली. अमेरिकेची धून लातूर-नांदेडच्या धुळीत आली ती या हातांनी.

अहमदपूर तालुक्यातल्या एका मातंग क्लॅरनेटवाल्या आजोबांशी आम्ही दोन वेळा बोललो. सतरा-अठराव्या वर्षी ते बँडमध्ये गेले. नोटेशन वगैरे काही नाही, मास्तर वाजवून दाखवायचा, तेच कानाने उचलायचं. ‘सप्टेंबर’ शिकायला त्यांना एक पावसाळा लागला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हाच शिकणं व्हायचं. सुपारी ठरली की इसार मिळायचा, तो मास्तरकडे जायचा. लग्नाच्या गावी पोचलं की बँड सगळ्यांच्या पुढे. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की हे पुढे वाजवत चालायचे. देवळापाशी आले की मात्र थांबायचं, पायरीच्या खाली वाजवत राहायचं. जेवणं उरकली की शेवटी बँडवाल्यांना वाढायचे, मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या बाजूला, पत्रावळ स्वतःची स्वतः उचलून टाकायची. परदेशात राजदूत आणि घरात अस्पृश्य, हे आम्ही वर आर्मस्ट्राँगच्या काळाबद्दल लिहिलं. इथे त्याला परदेशसुद्धा लागत नाही. परण्यात सगळ्यांत पुढे आणि पंगतीत सगळ्यांत शेवटी, एवढं अंतर एका दुपारीच कापलं जायचं.

आजोबांना आम्ही विचारलं, ही धून अमेरिकेची आहे हे माहीत होतं का? नव्हतं. त्यांना ती मुंबईची वाटायची.

आता दुसरी बाजू. कंधार तालुक्यातले आमच्या एका कार्यकर्त्याचे आजोबा सनई वाजवायचे. बँड नव्हे, गावकीचं वाजवणं. सणाला, लग्नाला, पाटलाच्या घरी पोरगा झाला म्हणून, बोलावलं की जायचं. मोबदला म्हणजे वर्षाचं बलुतं आणि शिळंपाकं. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या वस्तीने ठरवलं : मेलेलं जनावर ओढायचं नाही, येसकरकी करायची नाही, गावासाठी वाजवायचं नाही. पोळ्याला बोलावणं आलं, कोणी गेलं नाही. मग व्हायचं तेच झालं. पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, रानात पाय ठेवायला बंदी. मराठवाड्यातल्या असंख्य गावांत हे असंच घडलं आहे, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात याची एक तरी गोष्ट असेल. आजोबांनी सनई आढ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. त्यांना संगीत आवडत नव्हतं असं नाही. कार्यकर्ता सांगतो, ते भजनात टाळ धरत, नंतर वामनदादांची गाणी म्हणत. पण हुकमावर वाजवायचं नाही, हे त्यांचं ठरलं होतं. आर्मस्ट्राँगने राष्ट्राध्यक्षांच्या सरकारला जे सांगितलं, ते कंधारच्या या माणसाने पाटलाला सांगितलं. आर्मस्ट्राँगचं वर्तमानपत्रात छापून आलं, या माणसाचं कुठेच आलं नाही.

म्हणून जुन्या काळाची आठवण काढताना आपली अडचण इतरांहून वेगळी आहे. त्यांना वाद्य बंद पडल्याचं दुःख होतं, आणि आपल्याकडे कित्येकदा वाद्य बंद पडणं हीच मुक्ती होती. आणि तरीही त्या सनईबरोबर एक कसब गेलं, चार पिढ्यांनी बोटांत साठवलेलं. त्याचंही वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

अमेरिकेचा विषय निघाला आहे तर आणखी एक. आपल्या वस्तीत अमेरिका गाण्यांनी आली त्याहून जास्त ती पोटाच्या वाटेने आली. पी. एल. ४८० नावाच्या अमेरिकन कायद्याखाली भारताने १९५६ मध्ये करार केला आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिकडचा लाल गहू रेशनवर येत राहिला. १९७२ च्या दुष्काळात मिलो आली. साठी ओलांडलेल्या कोणालाही मिलो विचारा. लाल, कडक, भाकरी थापली की तुटणारी. खडी फोडायला जाणाऱ्या बायांनी ती खाल्ली. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या तरुणांकडून. अमेरिकेकडून काय घ्यायचं याची निवड आपल्या लोकांनी स्वतः केली तेव्हा त्यांनी एल्व्हिसचा केसांचा फुगा घेतला नाही.

‘तेव्हा जात-पात कोणी बघत नव्हतं’ या वाक्याला मराठवाड्याने लवकरच उत्तर दिलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गुण्यागोविंदाने नांदणारी गावं रॉकेलचे डबे घेऊन वस्त्यांवर आली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. पोचीराम मातंग होते. त्यांचा फोटो आपण मिरवणुकीत धरतो. पण मातंग बँडवाल्याला, हलगीवाल्याला आपल्या वस्तीत आज आपण कुठे बसवतो? हा प्रश्न आम्ही अभ्यासवर्गात विचारला तेव्हा शांतता झाली. आपण बाहेर पडलो, शिकलो, हे चांगलं झालं. पण जो अजून वाजवून पोट भरतो त्याच्याकडे ‘मागासलेला’ म्हणून बघायला आपणही शिकलो. लग्नात बँड आपल्याकडेही येतो. त्याचं ताट कुठे वाढतात हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

आपलाही एक सोनेरी काळ आपण तयार करतो आहोत, याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. छप्पन्नची पिढी निःस्वार्थी होती, नेते एकजुटीचे होते, आता सगळं बिघडलं, असं आपल्या सभांत नेहमी ऐकू येतं. त्या पिढीचं ऋण आहेच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला जमिनीसाठी सत्याग्रह केले, मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी तुरुंग भरले, त्यात बाया लेकरं कडेवर घेऊन होत्या. पण पक्षातली फूट त्याच काळातली. आणि तुरुंगात गेलेल्या त्या बायांची नावं आपल्या किती पुस्तकांत आहेत? वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले. त्यांची गाणी रेडिओने आणून दिली नाहीत, ती वहीतून वहीत उतरवली गेली. आज जयंतीला डीजेच्या भिंतीतून गाण्याचा एक शब्द कळत नाही, आणि त्या वह्या मात्र पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते. गोऱ्या अमेरिकेने केलं तसं आपणही करणार का? सूर ठेवायचा आणि माणूस विसरायचा?

वाजवण्याचा प्रश्न अजून संपलेला नाही. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात अक्षय भालेराव या आपल्या तरुणाचा खून झाला. त्या संध्याकाळी गावात लग्नाची वरात चालू होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गावात भीमजयंतीची मिरवणूक निघाली होती, आणि तिचा राग मनात धरून हे केलं असा त्याच्या कुटुंबाचा आरोप आहे. एकाची वरात रस्त्यावर वाजत जाते, दुसऱ्याची मिरवणूक निघाली म्हणून जीव जातो. कोणी हुकमावर वाजवायचं आणि कोणी स्वतःसाठी वाजवायचंच नाही, हा नियम बर्मिंगहॅमच्या मंचावर होता, कंधारच्या गावात होता, आणि नांदेड शहरापासून हाकेच्या अंतरावर आजही आहे. तिकडे सभागृहात आम्ही तिरक्या टोप्या घालून जुना काळ किती छान होता ते ऐकत बसलो होतो.

रील टाकणाऱ्या मुलाला आम्ही ग्रुपवर काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी अहमदपूरच्या आजोबांना अभ्यासवर्गाला बोलावलं. गाडी करून आणलं, पुढच्या रांगेत खुर्ची दिली, जेवण आधी त्यांना वाढलं. ते जरा अवघडले. वाद्य घेऊन आले होते, पण दात गेल्यामुळे फुंक टिकत नाही म्हणून आधी नको म्हणाले. मग मुलांनीच आग्रह केला. अर्धी धून झाली आणि दम लागला. रील टाकणारा मुलगा समोरच बसला होता, मोबाईल बाजूला ठेवून. त्याने विचारलं, ‘बाबा, हे तुम्ही कुठं कुठं वाजवलं?’ आजोबांनी गावांची नावं घ्यायला सुरुवात केली : चाकूर, शिरूर ताजबंद, लोहा, माळाकोळी, जळकोट, मुखेड. मुलाने वही काढली. यादी अजून पूर्ण झालेली नाही, पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. नांदेड-लातूरकडे कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी असा जुना वाजवणारा, गाणारा, जलशात काम केलेला माणूस असेल किंवा आजीच्या हातची गाण्यांची वही असेल, तर त्यांनी वही-पेन घेऊन आधी त्यांच्याकडे जावं.

जयभीम.